ब्रेमेन गल्ली, लाल ११४३

शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, गल्ल्यांच्या पाट्या उतरवा, घरांचे आकडे उतरवा, दारांवरची नावं खरवडून टाका. रशियनांकडे धरायच्या माणसांच्या याद्या आहेत आणि याद्यांवर पत्ते आहेत. पत्तेच राहिले नाहीत तर त्या याद्या काय चाटायच्या आहेत? अडुसष्टचा ऑगस्ट. त्यांचे रणगाडे प्रागमध्ये शिरून तीन दिवस झाले होते आणि तीन दिवस लोक ओरडून ओरडून घसा बसवून घेण्यापलीकडे काही करू शकले नव्हते. हाताला काम मिळालं म्हटल्यावर निम्मं झिझ्कोव्ह उपनगर पान्हे, पकडी आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घेऊन खाली उतरलं.

सगळ्यांच्या पुढे होता लुडविक हान्झल. वय अठ्ठावन्न, गुडघे थोडे कुरकुरणारे, आणि चौतीस वर्षं त्याच अकरा गल्ल्यांत टपाल वाटणारा पोस्टमन. कुठली पाटी कुठल्या वेलीमागे दडली आहे, कुठला आकडा पावसाच्या नळामागे आहे, हे त्याला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं.

"हान्झलसाहेब, ही निघत नाही!"

"ओढू नकोस रे, भिंत पडेल. खालचा स्क्रू गंजलाय. तेल घाल आणि मनात दहा आकडे म्हण."

खाणकामगार गल्लीच्या तोंडावरची पाटी निघाली तेव्हा तिच्यामागचा गिलावा उघडा पडला. सगळा भोकांनी भरलेला. हान्झलला राहवलं नाही. तो शिडीवर चढला आणि एकेका भोकात बोट घालून सांगू लागला.

"ही वरची दोन सम्राज्ञी गल्लीच्या पाटीची. अठरा साली साम्राज्य बुडालं, तेव्हा लोकांनी तिला हातोड्यानं पाडलं. ही शेजारची स्वातंत्र्य गल्लीची, वाकडी आहेत, कारण लावणारा प्यालेला होता. तेव्हा सगळेच प्यालेले होते म्हणा. आणि ही चार पाहा, चार कोपऱ्यांना चार, रेषेत. जर्मन. ब्रेमेन गल्ली! पंचेचाळीसच्या मे महिन्यात ती मी स्वतः उपटली, वरच्या रस्त्यावर अजून गोळ्या उडत होत्या. मग परत स्वातंत्र्य. मग एके दिवशी सकाळी येऊन पाहतो तर खाणकामगार. या गल्लीत कोळशाला हात लावणारा एकच माणूस, तो म्हणजे शेगडी पेटवणारा मी."

लोक हसले. तळमजल्यावरचा चांभार म्हणाला, "म्हणजे आता प्राग कुठं राहिलं? हान्झलच्या टोपीखाली!"

माणसाला असलं काही बोलू नये. पचत नाही. हान्झल त्या रात्री घरी गेला तो छाती दोन इंच फुगवूनच. आणि शनिवारी सकाळी पोतं खांद्याला लावून निघाला तर दारादारांवर कागद चिकटवलेले: नावाच्या जागी लिहिलेलं, पोस्टमन मला शोधून काढेल, हलकटांना मी सापडायचो नाही. एका दारावर, दुसऱ्या, पाचव्या. सगळ्या शहरानंच कुठूनतरी हे वाक्य उचललं होतं. पण हान्झलला वाटलं, हे आपल्यालाच उद्देशून लिहिलंय. त्याचे डोळे भरून आले. चौतीस वर्षं लोकांनी त्याला "ठेवा तिथं" याच्यापलीकडे फारसं काही म्हटलं नव्हतं.

नऊच्या सुमारास दोन सैनिकांनी त्याला रस्ता विचारला. त्यानं त्यांना हातवारे करकरून ओल्शानीच्या दफनभूमीकडे पाठवलं. "सरळ जा, मग लांब भिंत लागेल. तिथं सगळ्यांची सोय होते." समोरच्या खिडकीत बसलेली म्हातारी हसता हसता खोकू लागली. हान्झलनं तिला टोपी उंचावून मुजरा केला.

आणि मग कोपऱ्यावर जीप उभी दिसली.

तिच्याशी टेकून एक कॅप्टन उभा होता. चष्मा, गोल चेहरा, वय पंचेचाळीसच्या घरात. गणवेश काढला तर खेड्यातला शाळामास्तर शोभला असता. हातात टाइप केलेला कागद होता आणि चेहऱ्यावर कंटाळा. रशियन आणि चेक या चुलत बहिणी. एकीचं दुसरीला कळतं, आवडत नसलं तरी.

"कॉम्रेड पोस्टमन, जरा हे बघता का?"

याला पाठवू थेट नदीपलीकडे, असं मनाशी ठरवूनच हान्झल पुढे झाला.

"सकाळपासून सहा जणांना विचारलं," कॅप्टन म्हणाला. "सगळे म्हणाले, अशी गल्लीच नाही. खोटं बोलत असतील म्हणून नकाशे काढले, तर नकाशांतही नाही. लिहिणाऱ्यानंच चूक केलीय. ही गल्ली प्रागमध्ये नाहीच." आणि तो कागदाची घडी घालू लागला.

नाव घडीत गेलं होतं. हान्झलला दिसला तो फक्त पत्ता. ब्रेमेन गल्ली, लाल ११४३.

इथं हान्झलचा स्वभाव सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही. टपाल कार्यालयात न सापडणारे पत्ते याच्या टेबलावर येत. प्रागच्या घराला आकडे दोन. निळा असतो गल्लीतल्या क्रमानं, तो कुणालाही सापडतो. लाल असतो त्या भागात घर कधी बांधलं त्या क्रमानं. ११४२ नंबर टेकडीवर आणि ११४३ रेल्वेच्या रुळांजवळ, असला सगळा प्रकार. कुणी परदेशातून चाळीस वर्षांपूर्वीच्या नावानं आणि नुसत्या लाल आकड्यानं पत्र पाठवलं की बाकीचे पोस्टमन कपाळाला हात लावत आणि म्हणत, द्या हान्झलला. आर्जेंटिनाहून सम्राज्ञी गल्लीच्या नावानं आलेलं एक पत्र त्यानं छप्पन साली बरोबर माणसाच्या हातात नेऊन दिलं होतं, आणि पोस्टमास्तरांनी त्याला बिअर पाजली होती. 'पत्ता सापडत नाही' हा शिक्का त्यानं चौतीस वर्षांत एकदाही मारला नव्हता. दुसऱ्याकडे घर असतं, जमीन असते; हान्झलकडे हे होतं.

"नाही म्हणजे?" तो म्हणाला. "नाही कशी? चौतीस वर्षं चालतोय मी तिच्यातून! ब्रेमेन म्हणजे ही पलीकडची, तिसरी. हिरवा दरवाजा. पण पुढच्या जिन्यानं चढू नका, लोक तिथंच फसतात. दरवाज्यातून आत, घराच्या दुसऱ्या चौकात जायचं, डावा जिना, तिसरा मजला. घंटी वाजत नाही, दार ठोका."

आणि हात वर गेला. बोट ताठ, बरोबर दिशेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

कॅप्टन क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिला. मग कागद खिशात घातला, मोडक्या चेक भाषेत आभार मानले आणि टोपीला हात लावला. जीप गेली.

खरं सांगायचं तर हान्झल पुढची वीस पावलं खूश होता. एक अवघड पत्ता सुटला होता. एकविसाव्या पावलाला त्याचे पाय थांबले. ११४३, दुसरा चौक, डावा जिना, तिसरा मजला. ओल्ड्रिख पेशिना.

पेशिना छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी होता. जर्मनांच्या काळात त्यानं पत्रकं छापली होती, त्यासाठी तो आत जाऊन आला होता; आणि गेले तीन दिवस ज्या वृत्तपत्रांवर बंदी होती ती रोज सकाळी कुठून येतात, हे कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. म्हणजे कुणीतरी कपाटातली जर्मनांची बेचाळीस सालची फाईल उचलली होती, नावासकट, पत्त्यासकट, जशीच्या तशी. तो पत्ता साऱ्या शहरात एकाच माणसाला वाचता आला असता. त्या माणसानं तो वाचून दाखवला होता.

हान्झल धावला. पोतं तिथंच टाकून, दोन परसांतून, कोळशाच्या वखारीतून, एका बाईच्या वाळत घातलेल्या चादरींतून. जीपला वळसा होता, त्याला नव्हता. तरीही तो पोचला तेव्हा पेशिनाला दोघांनी दंडाला धरून खाली आणलं होतं. पायांत सपाता, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, बोटं शाईनं काळी. मागे त्याची बहीण हर्मिना, त्याचा कोट हातात घेऊन, तो द्यायला मिळावा म्हणून नुसती पुढे-मागे होत होती.

पेशिनानं हान्झलला पाहिलं. धापा टाकत, घामानं थबथबलेला. त्याला वाटलं, पोस्टमन आपल्याला सावध करायला आलाय.

"हान्झल, जा इथून," तो हळूच म्हणाला. "उगाच तुम्हालाही उचलतील."

कॅप्टननं जीपमध्ये बसता बसता हान्झलकडे पाहून मान लववली. ओळखीच्या माणसाला लववतात तशी. ते कुणी पाहिलं नाही. सगळे पेशिनाकडे बघत होते.

जीप गेल्यावर चौकात माणसं जमली, आणि एकच प्रश्न. पाट्या नाहीत, आकडे नाहीत, नावं नाहीत, आणि हे सरळ दुसऱ्या चौकात, डाव्या जिन्यानं? कुणी सांगितलं?

तोंड उघडायची वेळ तीच होती. हान्झलनं तोंड उघडलंही. पण तेवढ्यात कुणीतरी शाफ्रानकोवाचं नाव घेतलं.

शाफ्रानकोवा म्हणजे त्या घराची राखणदारीण. तळमजल्यावर राहायची, जिने धुवायची, चाव्या सांभाळायची आणि कोण किती वाजता आलं याची नोंद डोक्यात ठेवायची. कम्युनिस्ट पक्षाची सभासद, तोंडानं फटकळ. कुणाशी सरळ बोलायची नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. ही बाई संन्यासी म्हणण्याजोगी नव्हती, आणि लोकांना तेवढं पुरलं.

"मी?" ती ओरडली. "अरे मुडद्यांनो, काल दारावरचा तो नावांचा फलक मी माझ्या हातानं उतरवलाय! नखं बघा माझी!"

"तुझी नखं ठाऊक आहेत आम्हाला," चांभार म्हणाला.

दुपारपर्यंत तिच्या दारावर लाल रंगानं लिहिलं गेलं होतं: विकलेली.

हान्झलनं पोतं शोधून आणलं, उरलेलं टपाल वाटलं, घरी गेला. बायकोनं, ब्लाझेनानं, पुढ्यात डाळीचं सूप ठेवलं, ते गार झालं. रात्री जेवायच्या वेळी त्यानं तिला सगळं सांगितलं, कॅप्टनच्या चष्म्यापासून. तिनं उठून खिडकी लावली.

"कुणी पाहिलं?"

"नाही."

"मग गप्प बस. दोन वर्षांत पेन्शन आहे तुझी. आपल्याला याच गल्लीत राहायचंय, लुडविक."

"आणि ती शाफ्रानकोवा?"

"ती काय साधी आहे का? आपल्या पोरीच्या लग्नात तिनं काय काय पसरवलं होतं, आठवतं ना? खाऊ दे थोडं."

हे ऐकून हान्झलला बरं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटलं याचीच त्याला इतकी लाज वाटली की तो उठून मोरीत गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. आरशात बघवेना. बेचाळीस साली, जर्मनांचा मोठा साहेब मारला गेल्यावर, याच गल्लीत म्हाताऱ्या कुबिश्टाला त्यांनी असाच एक पत्ता विचारला होता. कुबिश्टानंच हान्झलला काम शिकवलं होतं. तो म्हणाला, मी नवीन आहे, मला नाही माहीत. पांढऱ्या मिशा घेऊन म्हणाला. बंदुकीच्या दस्त्यानं त्याचा एक कान कायमचा गेला, आणि नंतर तो हसून सांगायचा, बरं झालं, पोस्टमास्तर त्याच बाजूला बसतो. कुबिश्टाला तर कुणी मारत होतं. हान्झलला कुणी बोटही लावलं नव्हतं. त्याला नुसतं म्हटलं होतं, अशी गल्ली नाही.

सोमवारी तो ११४३मध्ये गेला तेव्हा शाफ्रानकोवा दार घासत होती. लाल रंग गुलाबी झाला होता, अक्षरं तशीच वाचता येत होती.

"हान्झलसाहेब," ती उठून उभी राहिली. एरवी ती त्याला पायपुसणं दाखवायची, बूट पुसा म्हणून. "मला पावसुद्धा देत नाहीत. परवापासून. मी कशीही असेन, पण पेशिनाला मी नाही दिलं. तुम्ही सांगा ना लोकांना. तुमचं ऐकतात."

"बघतो," हान्झल म्हणाला.

बघतो! जिना उतरताना तो शब्द त्याच्या तोंडात आंबला.

मंगळवारी दुपारी रशियनांनी पकडून मॉस्कोला नेलेले आणि आता परत आणलेले पुढारी रेडिओवर बोलले. म्हणजे बोलायचा प्रयत्न केला. आवाज अडखळत होता, मधेच इतका वेळ थांबत होता की लोकांना वाटायचं यंत्र बिघडलं. शेवटी कळलं ते एवढंच, की कागदांवर सह्या झाल्या आहेत आणि सैनिक काही लगेच जाणार नाहीत. झिझ्कोव्हमध्ये माणसं एकमेकांकडे न बघता रेडिओ बंद करून पावाच्या रांगेत येऊन उभी राहिली. सगळ्यांनाच लाज वाटत होती, आणि लाज वाटणारा माणूस आधी दोष द्यायला दुसरं कुणी शोधतो.

शाफ्रानकोवा पिशवी घेऊन आली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली.

"ही बघा, आली," एक बाई म्हणाली. "मॉस्कोकडून मागव की पाव."

"रांगेतून निघ!"

कुणीतरी तिची पिशवी ओढली. तिनं सोडली नाही. ओढाओढीत ती गुडघ्यावर पडली, आणि कुणी हात दिला नाही. हर्मिना रांगेत पुढे होती. तिनं फक्त मान फिरवली.

हान्झल रांगेत चौथा होता.

"मी सांगितलं," तो म्हणाला.

आवाज बारीक निघाला. त्यानं परत म्हटलं, मोठ्यानं. "पेशिनाचा पत्ता मी सांगितला. शनिवारी, कोपऱ्यावर. कॅप्टननं विचारलं आणि मी सांगितला. हिनं नाही."

रांग चक्क हसली. मायेनं हसली, हेच वाईट.

"घ्या! हान्झलसाहेब आता हिच्यासाठी सुळावर चढणार!"

"अहो, एवढं मऊ काळीज बरं नव्हे," चांभार त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "ती काय देणार आहे तुम्हाला?"

"खरं सांगतोय मी!"

"खरं तर खरं. व्हा पुढे, पाव संपेल."

हर्मिना रांग सोडून त्याच्याजवळ आली. चार दिवसांत तिचा चेहरा अर्धा झाला होता. तिनं त्याच्या बाहीवर हात ठेवला. "तुम्ही धावत आला होतात, हान्झलसाहेब. मी पाहिलंय. ओल्ड्रिख जीपमध्ये चढताना म्हणाला होता, एक पोस्टमन तरी आला."

त्या हातामुळे हान्झलला रडू कोसळलं. तिनं तो हात काढावा म्हणून त्याला काय काय करावंसं वाटलं.

"मी त्यांना म्हणालो, पुढच्या जिन्यानं जाऊ नका," तो म्हणाला. "म्हणालो, डावा जिना. घंटी वाजत नाही, दार ठोका. हर्मिनाबाई, त्यांनी घंटी वाजवली होती का?"

हर्मिना आठवत होती. नवा माणूस आधी घंटीच दाबतो. दूधवाला बदलला तेव्हा आठवडाभर दाबत होता. शनिवारी मात्र पावलं वर आली आणि लगेच दार ठोकलं गेलं.

"का?" तिनं विचारलं.

आता खोटं बोलायची सोय होती. बंदूक दाखवली म्हणायचं, धमकी दिली म्हणायचं. सगळ्यांनी मानलं असतं.

"तो म्हणाला, अशी गल्लीच नाही," हान्झल म्हणाला. "मला ते सोसलं नाही. मला येतं, हे दाखवायचं होतं."

हर्मिनानं बाहीवरचा हात काढून घेतला. सावकाश, भांडं ठेवावं तसा. रांगेत कुणी हसत नव्हतं. चांभार आपल्या बुटांकडे बघत होता. कुणी शिवी दिली नाही, कुणी पिशवी ओढली नाही. नुसती जागा झाली, हान्झलच्या दोन्ही बाजूंना, एकेका हाताची.

"उद्यापासून आमचं टपाल वर आणू नका," हर्मिना म्हणाली. "खाली शाफ्रानकोवाबाईंकडे द्या."

शाफ्रानकोवा अजून गुडघा चोळत होती. ती उठली, घागरा झटकला, आणि रांगेत जिथून तिला ढकललं होतं तिथंच येऊन उभी राहिली. हान्झलकडे तिनं नीट पाहून घेतलं. कृतज्ञता वगैरे काही नव्हती त्या बघण्यात. चार दिवसांचा हिशेब होता.

"मी नाही घेणार," ती म्हणाली. "मला काल म्हणाला, बघतो. तीन मजले चढू दे त्याला. रोज. आणि हर्मिनाबाई, दार तुम्ही उघडायचं, मी नाही."

हर्मिनानं तिच्याकडे पाहिलं, मग मान हलवली.

बुधवारी सकाळी हान्झलनं टपाल लावलं. ११४३च्या तिसऱ्या मजल्यासाठी काहीच नव्हतं. एक जाहिरातसुद्धा नव्हती. तो दुसऱ्या चौकात गेला, डाव्या जिन्यानं वर चढला, टोपी काढून हातात घेतली आणि दार ठोकलं.